सपाट रेषेवर सही

माझी सून फायबरच्या पत्र्याच्या पट्ट्या भिजत घालते. कडधान्य भिजत घालावं तशा, पण वर्षानुवर्षं. काचेचे धागे रेझिनमध्ये घट्ट बसवून हा पत्रा करतात. त्याच्या बोटाएवढ्या पट्ट्या पाण्यात ठेवायच्या, ठरल्या दिवशी काढायच्या, पुसायच्या, तोलायच्या, पुन्हा पाण्यात. वजन वाढलं तेवढं पाणी आत शिरलं. त्यावरून गणित मांडायचं, की हा पत्रा ऊनपाण्यात किती वर्षं टिकेल. या गणिताला ती मॉडेल म्हणते. मी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, त्यामुळे मला हे कळतं. माझ्या मुलाला कळत नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नाही.

बाई सोपी नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, की तुमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा खोटं दाखवतो. खरं होतं ते. राग यायचा तो आलाच.

गेल्या वर्षी तिच्या मॉडेलला चांगले दिवस आले. नदीवर पायी जाणाऱ्यांसाठी पूल व्हायचा होता आणि त्यावर पायाखाली हेच पत्रे टाकायचे होते. तिच्या पट्ट्यांचं वजन वाढत वाढत थांबलं होतं, आलेखावरची रेषा सपाट झाली होती. म्हणजे पत्रा पोटभर पाणी प्यायला, आता आणखी पिणार नाही. मॉडेल म्हणालं, तीस वर्षं बघायला नको. प्रयोगशाळेचे साहेब खूश. हिची सही तेवढी राहिली होती.

आणि सहीच्या आधी हिने एक पट्टी वाळवली.

त्यांच्यात हे करत नाहीत. भिजत घातलेली पट्टी मध्येच वाळवली की ती बाद. पुढची मापं तिच्यावर घेता येत नाहीत. इतकी वर्षं जपलेली पट्टी कोण बाद करील? म्हणून कुणी वाळवतच नाही. हिने ती ओव्हनमध्ये मंद आचेवर पार कोरडी केली आणि तोलली. भिजत घालण्याआधी होती, त्याहून हलकी भरली.

संध्याकाळी घरात शिरताच पर्स कोचावर फेकली.

"आई, पाणी शिरायचं थांबलंच नव्हतं! पाणी आत जात होतं आणि रेझिन विरघळून बाहेर येत होतं. दोन्ही सारखंच, म्हणून वजन जागच्या जागी."

"म्हणजे तुझा नवरा," मी म्हटलं. "व्यायाम करून येतो, तेवढंच हादडतो, आणि वजन वाढलं नाही म्हणून खूश."

"मी इथेच बसलोय," मुलगा म्हणाला.

"हसू नका हो! त्या पुलावरून माणसं जाणार आहेत."

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना घरूनच फोन लावला. हात कणकेत होते म्हणून स्पीकर चालू, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"एका पट्टीवरून एवढं?"

"मग बाकीच्या वाळवू द्या, सर."

"सगळ्याच बाद करता? अहो, तुमचंच काम आहे ते."

"म्हणूनच सांगतेय. मॉडेल चुकलंय. मी सही करणार नाही."

"ठीक आहे. तुमचं मॉडेल ठेवू बाजूला. पत्रेवाल्यांच्या पुस्तिकेतला नियम लावू."

"त्यात तर चाळीस वर्षं येतात!"

"मग झालं तर."

मी कपाळावर हात मारला. आपली चूक आपणहून सांगावी, तर तिच्या जागी तिच्याहून मोठी चूक आणून बसवतात.

ती साहेबांना न विचारता पुलाच्या इंजिनिअरकडे गेली. त्याच्यासमोर कधीच न भिजवलेली कोरी पट्टी वाकवली. ती वाकली आणि सरळ झाली. मग वाळवलेली वाकवली. ती करकरली आणि तिच्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या. इंजिनिअरने ती हातात घेऊन स्वतः वाकवली, तर तुकडाच पडला. त्याने पत्र्यांचं काम थांबवलं. नव्याने चाचणी करा, म्हणाला, सहा महिन्यांत उत्तर द्या.

"जिंकलीस की!" मी म्हटलं. "मग तोंड का पाडलंस?"

"सहा महिन्यांत पाणी अर्ध्या वाटेवरही पोचत नाही, आई."

"तापवा मग. गरम पाण्यात सगळं लवकर भिजतं."

"तापवलं की रेझिन वेगळ्याच तऱ्हेने बिघडतं. नदीवर जे कधी होणार नाही, ते होतं. उत्तर लवकर मिळेल, पण दुसऱ्याच प्रश्नाचं."

"हे त्या इंजिनिअरना सांग ना," मुलगा म्हणाला.

"सांगितलं. म्हणाले, मॅडम, काहीतरी आकडा द्या."

आता तिने नव्या पट्ट्या कापल्यात. दर मापाला एक वाळवून बाद करायची, म्हणून ढीगभर लागतात, आणि पत्रा मागितला की साहेब मान वर करत नाहीत. परवा मी सरळ विचारलं, "सहा महिन्यांनी काय सांगणार आहेस?"

"अजून माहीत नाही, असं."

"चालेल त्यांना?"

"नाही. आणि मी सही करणार नाही."

मला हे पटतं आणि वैतागही येतो, कारण ते सहा महिने ती याच घरात काढणार आहे.