थापी कुणाच्या हातात

तुमच्या वस्तीतल्या सरकारी शाळेच्या भिंतीला गिलावा कुणी केला, हे तुम्ही कधी विचारलंय?

कसबा बावड्यातल्या एका शाळेपुरतं मी सांगू शकते. तो माझ्या आत्यानं केला. हजेरीपटावर मात्र ती बिगारी होती, म्हणजे घमेली उचलणारी. गवंडी म्हणून नाव तिच्या नवऱ्याचं, आमच्या मामांचं. सरकारी कामावर गवंड्याचा किमान दर जास्त, बिगाऱ्याचा कमी. फाटकाजवळच्या फलकावर दोन्ही लिहिलेले होते.

आमच्या घरी कामगार संघटनेची पत्रकं भाकरीइतकी रोजची. वडील छापून आणायचे, आम्ही पोरं घड्या घालायचो. या कामासाठी मात्र मी पहिल्यांदाच स्वतः पत्रक लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत बांधकामावर जाऊन आत्याला वाचून दाखवलं. 'कामगार बंधूंनो, कायद्यानं ठरलेला दर मागून घ्या.'

आत्यानं ठेच्याचं बोट चाटलं. "चांगलं हाय. तुझ्या मामास्नी दे. बंधू तेच हाईत हितं."

शेजारी जेवणाऱ्या बिगारी बायका खिदळल्या. माझे कान तापले. "अगं, पण गिलावा तू करतीस. गवंड्याचा दर तुला मिळायला पाहिजे."

"आणि मुकादम म्हणला, उद्यापासनं दोघंबी येऊ नगासा, मग? तुझी पत्रकं शिजवून खाऊ व्हय?"

जेवण आटोपून ती गिलाव्याची थापी घेऊन भिंतीला लागली. थोड्या वेळानं मुकादम ओरडला, "साहेब आलं!"

आत्यानं मान न वळवता थापी मामांच्या हातात दिली, पदर खोचला आणि भरलेलं घमेलं डोक्यावर घेतलं. मामांनीही थापी तितक्याच सवयीनं घेतली. किती वर्षं चाललं असेल हे? माझ्या घरातल्या एकाही पत्रकात ते नव्हतं.

बांधकाम खात्याच्या साहेबांनी भिंतीवरून तळवा फिरवला. "झकास. कुणाचं काम?"

"ह्यांचं की," मुकादमानं मामांकडं बोट केलं.

मामा हातातल्या थापीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाय साहेब. मला एवढं सरळ येत न्हाय. हिचं हाय."

"चेष्टा करतंय पावणं," मुकादम हसला.

मामांनी थापी आत्याकडं परत दिली. तिनं घमेलं उतरवलं, मालाचा गोळा भिंतीवर मारला आणि एका ओढीत सपाट केला. साहेबांनी हजेरीपट मागवला. "जे काम करते, तेच लिहा."

शाळेचं काम संपायला सहा दिवस उरले होते. ते सहा दिवस आत्या कागदावर गवंडी होती. मागच्या वर्षांबद्दल कुणी बोललं नाही.

आता ते दोघं एका सरकारी दवाखान्याच्या कामावर आहेत. ठेकेदार दुसरा. आत्या पुन्हा बिगारी. मामा रोज सांगतात, मुकादम 'बघू की' म्हणतो, साहेब अजून फिरकलेले नाहीत.

पत्रकातलं 'बंधूंनो' मी खोडलंय. पण आत्यानं तोंड उघडलं तर तिचं काम जाईल. तुमचं काही जाणार नाही. म्हणून, तुमच्या गल्लीत गटार, शाळा, दवाखाना, कुठलंही सरकारी बांधकाम चालू असेल तर उद्या तिथं पाच मिनिटं थांबा. फलक वाचा. थापी कुणाच्या हातात आहे ते बघा. आणि तिथल्या साहेबांना विचारा, ही बाई हजेरीपटावर काय म्हणून लिहिलीय?