मेणावरची वाफ

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, ज्या हॉस्पिटलात नोकरीला होते तिथे त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे मेणवाले म्हणत. नवीन डॉक्टर आला की त्याला आधी वाटायचं, हा माणूस मेणबत्त्या विकतो. दाजी ते दुरुस्तही करत नसत. "वीज गेली की या माझ्याकडे," एवढंच म्हणायचे.

काम असं होतं. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ तळमजल्यावरच्या लॅबमध्ये येई. तिचा नखाएवढा तुकडा मेणात बसवायचा, मेण गार करून त्याचा ब्लॉक करायचा आणि पात्याच्या मशीनवर त्याच्या चकत्या काढायच्या. इतक्या पातळ की आरपार दिसावं. चकत्या एकमेकींना चिकटून फितीसारख्या निघतात. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर उचलायची, रंगवायची. मग डॉक्टर ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवून सांगायचे, कॅन्सर आहे की नाही. दाजी स्वतः त्यात कधी डोकावले नाहीत. कापणं आपलं, बघणं त्यांचं, असा त्यांचा हिशेब होता.

मी जन्मभर चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. मला ह्यातलं काय कळणार. पण एकदा डबा द्यायला लॅबमध्ये गेलो होतो तेव्हा दाजींना काम करताना पाहिलं. ब्लॉक बर्फावरून आणलेला होता, कडक. पहिल्या चकत्या चुरगळून गोळा होत होत्या. दाजी वाकले, तोंड ब्लॉकच्या अगदी जवळ नेलं, हलकेच वाफ सोडली आणि चाक फिरवलं. फीत सरळ, गुळगुळीत निघाली.

"हे तर आमच्या दुकानातलं काम," मी म्हटलं. "काच पुसायच्या आधी आम्हीही अशीच वाफ सोडतो."

"मग या की मेहुणे इकडे नोकरीला. अर्धं काम तर येतंच आहे तुम्हाला."

जुने हात सगळे असंच करायचे, असं नंतर त्यांनी सांगितलं. वाफेनं मेण जरा नरम पडतं. कुणी शिकवत नाही, शेजारच्याचं बघून येतं. दाजींच्या फितीचं सगळीकडे नाव होतं. दुसऱ्या हॉस्पिटलातले लोकही अवघड ब्लॉक त्यांच्याकडे पाठवत.

ताईला पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा तिची मुलगी, आमची ठमी, शाळेत होती. अंडाशयातून सुरू झालेला होता. आमची आई आणि मावशी दोघी पोटाच्याच दुखण्यानं गेल्या होत्या, पण त्या काळी नेमकं काय ते कुणी शोधलं नाही. ताईची गाठ साहजिकच दाजींच्या टेबलावर आली. लॅबचे साहेब म्हणाले, तुम्ही घरी जा, दुसरा कुणी करेल. दाजी गेले नाहीत. तिचा ब्लॉक त्यांनीच केला, चकत्याही त्यांनीच काढल्या. ताई पुढं वर्षभरही राहिली नाही.

असले ब्लॉक फेकत नाहीत. तळघरात लोखंडी कपाटांच्या खणांतून रांगेनं ठेवतात, वर्षानुवर्षं. ताईचाही तिथेच होता. दाजींना कधी घरी यायला उशीर झाला आणि विचारलं, तर म्हणायचे, "जरा खाली गेलो होतो." पुढं कुणी विचारत नसे.

दाजींच्या नोकरीचं शेवटचं वर्ष चालू होतं तेव्हा हॉस्पिटलात एक संशोधन सुरू झालं. ज्या घरांत एकाहून जास्त बायकांना हा आजार झाला, तिथं तो रक्तातून पुढं जातो का, आणि तसं आधी कळलं तर पुढच्या बायका वाचतात का, हे पाहायचं होतं. ते काम एका डॉक्टरीणबाईंकडे होतं. ठमीचं लग्न होऊन तिला एक मुलगी झाली होती, दुसरं मूल हवं होतं, आणि आई आजारी पडली त्या वयाला ती येऊन पोचली होती. दाजी तिला घेऊन गेले. मीही मागं खुर्चीत बसलो होतो.

बाई शांतपणे बोलल्या. "हा दोष प्रत्येक घरात वेगळ्या जागी असतो. आईमध्ये तो नेमका कुठं आहे हे सापडलं, तर मुलीत आहे की नाही ते खात्रीनं सांगता येईल. नुसतं मुलीचंच रक्त तपासलं आणि काही मिळालं नाही, तर नाही म्हणून मिळालं नाही की आम्हाला दिसलं नाही, हे कसं सांगू?"

"आणि असला तर?" ठमीनं विचारलं.

"तर अंडाशय लवकर काढून टाकायचा सल्ला देऊ. मूल हवं असेल तर त्याआधी."

"आई जाऊन इतकी वर्षं झाली. तिच्यात आता कसं शोधणार?"

बाईंनी दाजींकडं पाहिलं. दाजी म्हणाले, "आहे ती. खाली आहे."

ताईच्या ब्लॉकला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. जनुकांच्या कामाचे नियम वेगळे असतात. नवं पातं, नवे हातमोजे, तोंडाला मास्क, टेबल औषधानं पुसलेलं. दाजींनी सगळं केलं. चकत्या वर बाईंकडे गेल्या. काही दिवसांनी जिन्यात बाईंच्या हाताखालचा एक मुलगा भेटला. मेणवाल्यांना खूश करावं एवढाच बिचाऱ्याचा हेतू असणार. "काका, आत्तापर्यंत तरी काही दोष दिसत नाही हं," तो म्हणाला. पक्का रिपोर्ट अजून व्हायचा होता. पण दाजींनी तिथूनच ठमीला फोन लावला.

त्या संध्याकाळी ठमीच्या घरी आम्ही सगळे जमलो. मी दाजींना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. जावईबापू म्हणाले, "बाबा, आज तुमचा आवाज तरी ऐकला." ठमी म्हणाली, "ऐकून घ्या, उद्या पुन्हा मेण होणार आहे." दाजी हसले, नातीला खांद्यावर घेऊन घरभर फिरले.

पुढं बरेच दिवस कुणी काही विचारलं नाही. मग बाईंनी दाजींना वर बोलावलं. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, एकदाच, त्यामुळं जसं आठवतंय तसं लिहितो.

बाई म्हणाल्या, "मेणवाले, नमुना बाईचा आहे आणि आम्ही वाचतोय पुरुषाला. ब्लॉक कापला कुणी?"

"मीच."

"हातमोजे?"

"होते."

"मास्क?"

होता, असं दाजी म्हणणार होते. मग त्यांना ते दिसलं. जुनं मेण ठिसूळ झालं होतं. पहिल्या दोन-तीन चकत्या मोडल्या होत्या. मास्क खाली ओढल्याचं त्यांना आठवेना, पण वाफ सोडल्यावर फीत कशी सरळ आली ते आठवलं. किती सुरेख आली होती.

बाईंनी समजावून सांगितलं. इतक्या जुन्या ब्लॉकमधलं जनुकांचं द्रव्य तुटून गेलेलं असतं, क्षीण असतं. त्यावर जिवंत माणसाच्या तोंडातले चार कण पडले तरी यंत्र तेच वाचतं. दोष नाही असं जे निघालं होतं, ते ताईचं नव्हतंच.

"म्हणजे माझ्यात दोष नाही," दाजी म्हणाले. "निदान एवढं तरी नक्की झालं."

बाई हसल्या नाहीत.

तिथून ते माझ्या दुकानात आले. "ठमीकडे चल," म्हणाले. एरवी मला अहोजाहो करायचे, चेष्टेनं का होईना. त्या दिवशी केलं नाही. वाटेत सगळं सांगितलं.

दार ठमीनंच उघडलं. "बरं झालं दोघंही आलात. बसा."

"ठमे, आधी तू बस."

"नाही, आधी माझं. हे म्हणत होते थांब, पण मला राहवत नाही." आणि तिनं सांगितलं की तिला दिवस गेलेत. त्या फोननंतर त्या दोघांनी ठरवलं होतं.

दाजी खुर्चीत बसले. पाणी मागितलं. पेला संपेपर्यंत त्यांनी खाली ठेवला नाही. ठमी माझ्याकडं बघायला लागली, आणि मी भिंतीकडं.  मग दाजींनी सगळं सांगितलं, कुठंही आडवळण न घेता, वाफेसकट.

ठमीनं रिकामा पेला आत नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाली, "म्हणजे तेव्हा जे कळवलंत ते आईचं नव्हतं."

"नाही. माझं होतं."

"आता?"

"थोडा तुकडा उरलाय. दुसरं कुणीतरी कापेल."

ज्या मुलीला दाजींनीच मशीन शिकवलं होतं तिनं कापला. दाजी दाराच्या काचेबाहेर उभे होते. आत या म्हटलं तरी गेले नाहीत. चकत्या वाकड्यातिकड्या आल्या, त्यांचे तुकडे पडले. मुलगी रडवेली होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "काका, नीट नाही जमलं." पण जनुकांच्या कामाला फीत सुंदर असावी लागत नाही. तुकडे पुरेसे होते, आणि तपासणीच्या नळीत गेले की संपलंच. ब्लॉकमध्ये आता नुसतं मेण राहिलं. ताई त्यात नव्हती.

ताईत दोष सापडला. मग ठमीचं रक्त घेतलं. तिच्यातही तोच, त्याच जागी. माझंही घेतलं. माझ्यात नाही. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. आमच्या रक्तातला आता मीच सगळ्यात म्हातारा, आणि सुटलो मी.

ठमीनं मूल ठेवायचं ठरवलं. बाळंतपण होऊन अंगात ताकद येईपर्यंत ऑपरेशन लांबलं. मुलगा झाला. दाजी बघायला आले आणि पाळण्यापासून जरा दूरच उभे राहिले. ठमी म्हणाली, "बाबा, चावत नाही तो." तरी ते जवळ गेले नाहीत.

ऑपरेशनमध्ये काढलेलं सगळं दाजींच्याच जुन्या लॅबमध्ये गेलं. ते तोवर निवृत्त झाले होते. साहेबांनी विचारलं, तुम्हाला आत थांबायचं असेल तर थांबा. दाजी म्हणाले, "नको. मी बाकीच्यांबरोबर बसतो." आणि बाहेरच्या बाकावर, इतर नातेवाइकांच्या रांगेत बसून राहिले. आपण ज्यांना आयुष्यभर कधी पाहिलं नाही ती ही माणसं, असं ते मला म्हणाले.

डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण चकत्यांत अंडाशयाजवळच्या एका नळीच्या टोकाशी कॅन्सरची सुरुवात सापडली. अगदी लहान. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की इतक्या लवकर सापडलेल्यांत पुष्कळ बायका बऱ्या होतात, पण खात्री द्यायची त्यांची पद्धत नाही. औषधं सुरू झाली. ठमीचे केस गेले. थोरली मुलगी तिला टोपी निवडून द्यायची.

ऑपरेशन वर्षभर आधी झालं असतं तर ती सुरुवात तिथं असती का, हे दाजींनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. दाजींनी तेच ठमीला विचारलं.

ठमी मुलाला भरवत होती. "बाबा, मला आधीच कळलं असतं तर मी घाबरून लगेच ऑपरेशन करून मोकळी झाले असते. हा नसता." तिनं चमचा त्याच्या तोंडात घातला. "आता हा आहे, आणि ते पण आहे. तुम्ही बसा बेरीज करत. मला भात गार होण्याआधी ह्याला भरवायचाय."

दाजींना ती बेरीज अजून जमलेली नाही. माझ्याकडं येतात, दुकान बंद झाल्यापासून मीही घरीच असतो. बोलणं फारसं होत नाही. मुलातही तो दोष असू शकतो, अर्धी शक्यता आहे, तो मोठा झाल्यावर त्याचं तो ठरवेल, एवढं एकदा म्हणाले.

परवा ठमीचा नवा रिपोर्ट आला. तो घेऊन ती आधी इकडंच आली, कारण दाजी इथं होते. टोपी काढून पंख्याखाली बसली आणि म्हणाली, "वाचा तुम्हीच. मी उघडलेला नाही."

दाजींनी खिशातून चष्मा काढला. काचा धुरकट झाल्या होत्या. त्यांनी चष्मा तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून राहिले. मग खाली घेतला, सदऱ्याच्या टोकानं कोरडाच पुसायला लागले. अशानं काचेवर चरे पडतात. मी लोकांना जन्मभर हेच सांगत आलो.

"अहो बाबा, द्या इकडे," ठमी म्हणाली. तिनं चष्मा घेतला, दोन्ही काचांवर वाफ सोडली, पदरानं पुसला आणि त्यांच्या नाकावर बसवला.

"आता वाचा," ती म्हणाली.

दाजींनी पाकीट हातात घेतलं.