अकरा मिनिटं

क्लबात त्यांना सगळे केबलकाका म्हणत. टेबलाच्या खालच्या खणात त्यांच्या सतरा केबली होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. ग्लायडर उतरलं की वैमानिक आतला रेकॉर्डर आणून काकांपुढे टाकत. काका त्याची नेमकी केबल काढून तो कॉम्प्युटरला जोडत, आणि उड्डाणाची सगळी वाट, उंचीसकट, पडद्यावर रेघ होऊन उमटे. जुने रेकॉर्डर मोठे खाष्ट. आधी वीज द्या, मग केबल लावा, तो टुंई करेपर्यंत हात लावू नका. नव्या कॉम्प्युटरला त्यांच्यासाठी लागणारं नऊ पिनांचं सॉकेटच नव्हतं, म्हणून काकांनी एक म्हातारा कॉम्प्युटर जिवापाड जपला होता. "आम्ही दोघं एकदमच निवृत्त होणार," असं ते म्हणत.

आणि तो दिवस उद्यावर आला होता.

तीस वर्षं रेघा उतरवून घेणारा हा माणूस एकदाही वर गेला नव्हता. मुख्य प्रशिक्षक, म्हणजे मास्तर, दरवर्षी म्हणत, "पुढच्या वर्षी तुला नेतो." ते दरवर्षी राहून जाई. या वेळी मात्र फळ्यावर उद्या सकाळच्या पहिल्या उड्डाणापुढे दोघांची नावं लागली होती. घरी काकूंनी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती आणि तीनदा विचारलं होतं, "वर थंडी असते का हो?"

दुपारी मास्तर एकटेच उडून आले. रेकॉर्डर टेबलावर ठेवून हात धुवायला गेले. काकांनी पिवळ्या दोऱ्याची केबल लावली.

मास्तरांची रेघ काका डोळे मिटून ओळखत. ग्लायडरला इंजिन नसतं. वर चढणारी हवा लागली की तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची, आणि मास्तर असली हवा कधी वाया घालवत नसत. आज मात्र रेघ मधेच सरळ झाली होती. वाटेत तीनदा चांगली हवा लागली, ग्लायडर आपोआप वर उचललं गेलं, तरी मास्तर वळले नव्हते. पुढे एक झटका, आणि मग पुन्हा ओळखीची वळणं. मधली अकरा मिनिटं ग्लायडर वळवायच्या काठीवर कुणाचा हातच नव्हता.

रेघ पुसायला एक कळ पुरे होती. पुसली तर उद्या ते स्वतः वर जाणार होते, तेही मास्तरांबरोबर. पण परवा मास्तरांच्या पुढच्या सीटवर कुणाची तरी मुलगी शिकायला बसणार होती.

मास्तर आत आले तेव्हा काकांनी पडदा त्यांच्याकडे वळवला.

"मास्तर, इथं तुम्ही काय करत होतात?"

मास्तरांनी चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं.

"जरा डोळा लागला असेल. मिनिटभर."

"अकरा मिनिटं आहेत."

"कुणी पाहिलंय हे?"

"मीच फक्त."

"मग असू दे ना! उद्या तुला न्यायचंय मला."

"मला तुमच्याबरोबरच जायचं होतं हो," काका म्हणाले. "म्हणूनच दाखवतोय."

मास्तरांनी बाहेर जाऊन फळ्यावर जिथं जिथं आपलं नाव होतं ते एकेक करून पुसलं. उद्याचं सगळ्यात शेवटी पुसलं आणि तिथं आपल्या जुन्या विद्यार्थिनीचं, आताच्या धाकट्या प्रशिक्षिकेचं, नाव लिहिलं.

सकाळी ग्लायडर मैदानावर उभं राहिलं. त्याला एकच चाक, त्यामुळे वेग येईपर्यंत पंख सरळ राहावा म्हणून कुणाला तरी त्याचं टोक धरून सोबत धावावं लागतं. हे काम नवशिक्यांचं. त्या दिवशी टोक धरायला सत्तरीचे मास्तर उभे होते. कुणाची टोकायची हिंमत झाली नाही. ग्लायडरला ओढणारा दोर ताणला गेला, मास्तर जमेल तेवढं धावले, आणि त्यांनी हात सोडला.

वीस मिनिटांनी काका उतरले. काकूंना सांगायला हवं होतं, थंडी काही विशेष नव्हती. ते थेट कार्यालयात आले आणि त्यांनी सवयीनं केबल लावली. मास्तर समोर खुर्ची ओढून बसले होते, अजून धापा टाकत. पडद्यावर काकांची पहिली रेघ उमटली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"मी टोक सोडलं ना," त्यांनी विचारलं, "तेव्हा पंख सरळ होता?"

"अगदी सरळ होता, मास्तर."

मास्तरांनी मान हलवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.