साडूसाहेबांचं धुराडं

माझ्या साडूंइतका सौदा नासवणारा माणूस परंड्यापासून तुळजापुरापर्यंत दुसरा झाला नाही. मी डोक्यावर कापडाचं गाठोडं घेऊन गावोगाव हिंडलो आणि घासाघीस करत करतच परंड्याच्या पेठेत स्वतःचं दुकान थाटलं. समोरच्याचा भाव कसा उतरवायचा, हे मला कुणी शिकवायला नको. आणि हे गृहस्थ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, भूमच्या कचेरीत नकलनवीस, वस्तू हातात येण्याआधीच तिची तोंडभर स्तुती करायचे! भोपळा असो की बैल, त्यांच्या तोंडून आधी "वा!" निघायचं आणि तेवढ्यात विकणारा शहाणा व्हायचा. हा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो मी सोडणार नाही.

दुसरी खोड म्हणजे परक्याच्या घराची काळजी. कुणाकडं पाणी प्यायला गेले तरी नजर आधी आढ्याकडं. "हिफाजत पाहिजे, शेट," हे पालुपद. एका लग्नात मंगलाष्टका चालू असताना मांडवाच्या कापडाला खेटून असलेली गॅसबत्ती त्यांना दिसली. लगेच स्टुलावर चढले आणि वरून भटजींना म्हणाले, "तुमचं चालू द्या, माझं लक्ष इकडं हाय."

त्या वर्षी माझ्या बायकोचे डोळे फार बिघडले. दिवसभर पाणी गळायचं, समोरचं धूसर दिसायचं. बार्शीच्या डॉक्टरांनी बजावलं, "बाईंना धुरापासून वाचवा, नाहीतर नजर जाईल." आमचं घर माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. धूर जायला छताला एक भोक, त्याला साणं म्हणतात. पण चुलीत तुराट्या आणि गोवऱ्या पेटल्या की धूर साण्याकडं जाण्याऐवजी बायकोच्या डोळ्यांतच घर करायचा.

खबर कळताच साडू पहिल्या एस.टी.नं हजर! चहासुद्धा न घेता त्यांनी वहीचं पान फाडून त्याचं नरसाळं केलं, ते उदबत्तीवर उपडं धरलं. वरच्या टोकातून धुराची रेघ निघाली. "पाहा शेट! चढला! चढला की न्हाय?" असं ओरडत ते नाचायला लागले. तेवढ्यात कागदानं पेट घेतला. तो पायाखाली विझवत म्हणाले, "म्हणूनच पत्रा पाहिजे."

पत्रा घ्यायला आम्ही भूमच्या बाजारात गेलो. पत्रेवाला माझ्यापेक्षा चिवट. पत्रा गंजका आहे, पातळ आहे, याला कुत्रं विचारत नाही, असं सांगून मी त्याला निम्म्यावर आणला आणि उरलेल्यासाठी पाठ फिरवून चालायला लागलो. तो हाक मारणार इतक्यात मागून साडूंचा आवाज आला, "अहो शेट, चाललात कुठं? असा पत्रा साऱ्या जिल्ह्यात न्हाय!"

पत्रेवाला हसला. मी भर बाजारात साडूंना बोल बोल बोललो. ते शांतपणे म्हणाले, "चांगल्याला वाईट कसं म्हणावं, शेट?" आणि पत्र्याच्या धारेला गोणपाट गुंडाळायला लागले. बसच्या टपावर कुणाचा हात कापू नये म्हणून!

मग आमच्या स्वयंपाकघरात जी धामधूम उडाली! पत्र्याच्या कडा दुमडून झाल्या, चुलीवर मोठं नरसाळं तारांनी टांगलं, त्याचा नळ साण्यातून वर काढला. नळ आणि तुळई यांच्यात हातभर अंतर, मध्ये विटा आणि पांढरी माती. "लाकूड तापलं तर घर जाईल," साडू म्हणाले. तुळईला कापूस चिकटवून चूल पेटवली. कापूस पांढराच राहिला, तेव्हा कुठं त्यांनी श्वास सोडला. पुढं धोतराचा काचा मारून स्वतः त्या धुराड्याच्या तारांना लोंबकळले. बायको किंचाळली, "दाजी, पडाल!"

"ताई, ज्याच्याखाली तुम्ही बसणार, त्याला आधी आम्ही लटकणार!"

तारा टिकल्या. गल्ली जमली. चूल ढणाणा पेटली, धूर सरळ वर चढला, टाळ्या पडल्या, आणि पाहता पाहता तोच धूर भसकन खाली! सगळे खोकत अंगणात. मी ओरडलो, "झालं! घालवलंत माझं घर!"

साडू शिडीवरून माळवदावर धावले. आमची माळवदं एकमेकांना लागून. शेजारच्या काकू वर कुरडया घालत होत्या. काजळी उडते म्हणून त्यांनी नळावर पाटी उपडी घातली होती, पावसात साण्यावर घालतात तशी.

"काकू, पाटी काढा!"

"का काढू? माझ्या कुरडया काळ्या झाल्या की रं! काळ्या कुरडया तू खातूस व्हय?"

"खातो!" म्हणाले, आणि तिथंच ओली कुरडई तोंडात टाकली. "लई झकास! पण काकू, नळ आता पुरुषभर उंच करतो, वर टोपी बसवतो. मग तुमचा माल गोराच्या गोरा."

म्हणजे पुन्हा पत्रा, पुन्हा भूम, आणि पुन्हा तेच, "वा, काय माल हाय!"

उंच नळ बसला त्या दिवशी बायको चुलीपाशी पाटावर बसली. धूर चढत राहिला. तिनं हळूहळू मान वर करून माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगंबाई, तुमचे केस एवढे पांढरे कधी झाले?" साडू टाळी वाजवून हसले. म्हणाले, "दिसलं! दिसलं ताईंना!"

साडू देवाघरी जाऊन आता बरीच वर्षं झाली. काजळी झाडायची त्यांची ताकीद बायको अजून दर अमावास्येला पाळते. परवा नळाची टोपी गंजली म्हणून भूमला गेलो. पत्रेवाला तोच, म्हातारा झालेला. मी नेहमीसारखी पत्र्याची निंदा केली, पाठ फिरवून चालायला लागलो. मागून कुणीच काही बोललं नाही. पत्रेवाल्यानं मुकाट्यानं माझा भाव मान्य केला. असा सौदा मला जन्मात साधला नव्हता.

मी परत फिरलो. पत्र्यावरून हात फिरवला. "चांगला हाय हो पत्रा," तोंडातून निघून गेलं.

कोण बोललं म्हणून पत्रेवाल्यानं माझ्या मागं पाहिलं.