आज्याचं नाव दुसऱ्याच गावाच्या पाटीवर

मागच्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीनं गावातल्या माजी सैनिकांच्या नावांची पाटी बसवायचं ठरवलं. गाव तेरजवळचं, बारकं. माझा आजा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात फौजेची खेचरं हाकत होता, हे जुन्या माणसांना ठाऊक. तरी ग्रामसेवक म्हणाले, "तोंडी चालत न्हाय सर, कागद आणा."

कागद नव्हता. होता तो घर गळून लगदा झाला, असं वडील सांगायचे. मग मी धाराशिवच्या कचेरीत चार खेपा घातल्या. दरवेळी एकच उत्तर: या गावातून त्या काळात कुणी भरतीच झालं नाही.

मला राग कारकुनाचा कमी, आज्याचाच जास्त येऊ लागला. चार गोष्टी सांगून ठेवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी कॉलेजात जाईपर्यंत तो धडधाकट होता. लढाईचं विचारलं की म्हणायचा, "काय सांगू? चालत गेलो, चालत आलो." एकदाच बोलला. जंगलात खेचरं ओरडली तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून त्यांच्या घशातले स्वरतंतू कापून आवाज बंद केले होते. "माझी मादी त्वांड उघडायची, आन् नुसती हवा यायची," एवढं म्हणाला आणि उठून शेताकडं निघून गेला. पुढं विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी उमरग्याच्या आत्यानं, आज्याच्या थोरल्या लेकीनं, फोनवर सहज सांगितलं, "आरं, आपलं गाव तवा निजामात. भरती इंग्रजाच्या मुलखात, म्हणून आबा बार्शीकडल्या त्यांच्या मामाच्या गावाहून भरती झाले. पत्ताबी तिथलाच लिवला."

"आत्या, मी वर्षभर हेलपाटे घालतोय! आधी का नाही सांगितलं?"

"मला कुठं इचारलंस तू?"

दुसऱ्याच दिवशी मोटारसायकल काढून त्या गावात गेलो. शाळेच्या भिंतीवर पाटी होती आणि तिच्यावर आज्याचं नाव, बापाच्या नावासकट. शेजारी उभ्या म्हाताऱ्याला विचारलं, हे कोण? "आमच्याच गावचे. पण घर कोणतं, कुणालाच ठावं न्हाय. हार मात्र घालतो आमी, दर झेंड्याला."

फोटो काढून आणला, सरपंचांसमोर ठेवला. त्यांनी मोबाईल जवळ धरून पाहिला. म्हणाले, "नाव लागलंय की! मग एक माणूस दोन गावचा कसा दाखवायचा?" मी बराच भांडलो. आवाज चढवला, ते मलाच नंतर बरं वाटलं नाही. पाटी आज्याविना बसली. उद्घाटनाचं बोलावणं आलं होतं, गेलो नाही.

आता रविवारी उमरग्याला जातो. आत्याला आठवेल ते वहीत उतरवतो. ती एका सालातून दुसऱ्यात घसरते, मी टोकलं की चिडते. तीन रविवारांत दीड पान भरलंय.