गावाचं मत

आमच्या आक्काइतकं भित्रं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. बायकांना बस फुकट झाली तेव्हा बाकीच्या बाया मोकळेपणानं हसल्या. आक्का मात्र ते बिनपैशाचं तिकीट मुठीत आवळून बेळगाव येईपर्यंत ताठ बसायची. कुणी आनंदानं मोठ्यानं बोललं की म्हणायची, "हळू गं, दिलंय ते काढून घेतील."

ती आमच्या शेजारची. खानापूरकडचं आमचं गाव लहान, सकाळची बस एकच. मी बेळगावात एका कचेरीत कारकून, ती टिळकवाडीत दोन घरी स्वयंपाकाला. भाडं भरून हे काम तिला परवडलंच नसतं, आणि नवरा कंबरदुखीनं घरी बसलेला. सरकारची तिजोरी रिकामी झाली अशी बातमी आली की ती मलाच दरडावून विचारायची, मग आमच्या बसचं काय? मी हसायचे. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या बाईला हसायला काय जातंय!

मग निवडणूक आली. आमदारकीला उभ्या असलेल्या साहेबांचा माणूस देवळात बसून सहज सांगितल्यासारखं सांगून गेला, की कुठल्या गावातून किती मतं पडली याचा कागद साहेबांच्या टेबलावर येतो. दुसऱ्या दिवशी आक्काचा चेहरा पांढराफटक. मी तिला समजावलं, मत गुप्त असतं, कुणाला कळत नाही. तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"माझं गुप्त असंल गं. गावाचं कुठं गुप्त हाय?"

आमच्या गावात मतदान केंद्र एकच होतं.

तिच्या घरानं जन्मभर मराठीच्या उमेदवाराला मत दिलेलं, सासरे सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. तीच आक्का त्या आठवड्यात साहेबांसाठी दारोदार फिरली, बायांच्या हातापाया पडली. मत देऊन परतताना वाटभर रडली. मीही तिच्या सांगण्याप्रमाणेच बटण दाबलं होतं.

गावानं साहेबांना भरभरून मतं दिली, साहेब निवडून आले, आणि दोन महिन्यांत आमची बस पलीकडच्या गावाला वळवली गेली. त्या गावानं विरोधात मत दिलं होतं. त्याला आता आपलंसं करायचं होतं. आम्ही अर्ज घेऊन गेलो तर साहेब प्रेमानं म्हणाले, "तुम्ही तर आपलेच. जरा सांभाळून घ्या."

फाट्यापर्यंत चार किलोमीटर जंगलाची वाट. आक्का आठवडाभर चालली. मग एका सकाळी धुक्यात, दहा पावलांवर गवा उभा दिसला. त्या दिवसापासून तिचं काम सुटलं. मी टिळकवाडीत खोली घेतली. मला ते जमलं, तिला जमणार नव्हतं, आणि निघताना मला तिच्याकडे बघवेना.

आता पुन्हा निवडणूक तोंडावर आलीय. परवा तिचा फोन आला. दोन्ही पक्षांची माणसं येऊन गेली म्हणाली, बस आणतो असं दोघंही म्हणतात.

"तू शिकल्याली हाईस. आता कुणाला भ्यायचं, तेवढं सांग."

तेव्हापासून मलाही भीती वाटते, आणि कुणाची ते ठाऊक नाही.