फुलांचं काम

आमचं वाचनमंडळ म्हणजे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बालीगंजच्या माझ्या फ्लॅटमध्ये जमणाऱ्या आठ मराठी बायका. नवऱ्यांच्या बदल्यांमुळे कोलकात्यात येऊन पडलेल्या आणि मराठी बोलायला आसुसलेल्या. त्या महिन्यात आम्ही एक अमेरिकन कादंबरी वाचत होतो. तिच्यातली काळी शिक्षिका रोज गोऱ्यांच्या हॉटेलात जाऊन बसते. कुणी तिला कॉफी देत नाही, तरी ती जातेच.

शेवटचं प्रकरण नव्यानं आलेल्या एकीनं वाचलं. तिचा नवरा लष्करात, फोर्ट विल्यमला. काय वाचलं तिनं! सगळ्या रडल्या. सगळ्यात जास्त रडल्या आमच्या काकू. तीस वर्षं इथं राहिलेल्या, आम्हा सगळ्यांच्या वडीलधाऱ्या. "माणसं माणसांशी असं वागतातच कशी गं!" म्हणाल्या.

डोळे पुसून झाले, पोहे झाले. मग मी गणपतीच्या नैवेद्याची यादी काढली. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला पाच दिवस पाच घरचा नैवेद्य असतो आणि यादी करायचं काम माझ्याकडे असतं.

"ताई, मला एक दिवस द्या ना," ती नवीन आलेली म्हणाली. "उकडीचे मोदक चांगले जमतात मला. लग्नानंतर एकाही गावात गणपतीसाठी करायला मिळाले नाहीत."

मी तिचं नाव लिहायला घेतलं, तेवढ्यात काकूंनी गोड आवाजात विचारलं, "माहेरचं आडनाव काय हो तुमचं?"

हा प्रश्न आपण ओळखी काढायला विचारतो, असं आपणच एकमेकांना सांगत असतो. तिनं आडनाव सांगितलं. मान खाली न घालता सांगितलं. काकू "अस्सं" म्हणाल्या.

मी चहा टाकायला गेले, तर काकू मागोमाग स्वयंपाकघरात. "तिला फुलांचं काम दे. नैवेद्याचं नको. जुन्या लोकांना चालायचं नाही."

"काकू, आत्ता आपण रडलो ना?"

"अगं, ते अमेरिकेतलं."

मला संताप आला. पण नवीन असताना याच काकूंनी मला घर शोधून दिलं होतं, माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू केले होते. मी चहात साखर ढवळत राहिले. यादी माझ्या हातात होती, पेनही माझं होतं. बाहेर येऊन मी तिच्या नावापुढं 'फुलं' लिहिलं. तिनं वाचलं आणि "बरं" म्हणाली.

चतुर्थीला ती हावड्याच्या फुलबाजारात पहाटेच जाऊन आली होती. टपोरे हार, जास्वंद, दूर्वांच्या एकवीस जुड्या, कशात म्हणून खोट नाही. हार माझ्याकडे देऊन तिनं मला मंडळाच्या जिन्याजवळ बाजूला घेतलं आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला. डबा अजून गरम होता.

"नैवेद्याला नाही हं, ताई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आणलेत. तुम्ही खाल ना?"

"म्हणजे काय! खाणारच," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

पण झाकण उघडायच्या आधी मी मागे वळून पाहिलं, काकू बघत तर नाहीत ना.

आणि मी मागे वळून पाहिलेलं तिनं पाहिलं.